लिटरमागे अकरा

पिरासिकाबा गावाच्या बाजारासमोर बारा टॅक्सींचा थांबा आहे. त्यातली सात नंबरची टॅक्सी चोवीस वर्षं दोना निल्दाची होती. लिओनिल्दा फुर्लान हे कागदावरचं नाव. त्या नावानं तिला फक्त सरकारी कारकून हाक मारत. बाकी गावाला ती दोना निल्दा, म्हणजे निल्दाबाई. बुटकी, रुंद हाडाची, केस मानेवर घट्ट बांधलेले. गाडीत बसल्यावर स्टिअरिंगच्या वर तिचं फक्त कपाळ दिसायचं, म्हणून ती बुडाखाली घडी घातलेली गोधडी घ्यायची.

ती जन्मली उसाच्या फडात. बाप साखर कारखान्याचा ट्रक चालवायचा. गळीत हंगामात त्याला हिवताप भरला की पंधरा वर्षांची निल्दा ट्रक सऱ्यांमधून हळूहळू पुढे न्यायची आणि मजूर मागून मोळ्या चढवायचे. एकाही मजुराचा पाय तिच्या चाकाखाली आला नाही, हे बाप मरेपर्यंत सांगत होता. पुढं हेलिओशी लग्न झालं. तो टॅक्सीवाला, बोलघेवडा, हाताचा सढळ. १९८३ साली त्यानं नुसत्या अल्कोहोलवर चालणारी गाडी घेतली. तेव्हा सगळेच घेत होते. ऊस दारात, रस दारात, अल्कोहोलही दारात, मग परदेशी तेलाची मिजास कशाला, असं लोक म्हणत. थंडीच्या दिवसांत ती गाडी सकाळी रुसून बसायची. हेलिओ तिला शिव्या घालायचा आणि निल्दा मागून ढकलायची.

मग १९८९ आलं. साखरेला भाव आला, कारखान्यांनी रस साखरेकडं वळवला आणि पंपावरचं अल्कोहोल आटलं. तीन-तीन तासांच्या रांगा लागल्या. हेलिओनं भाडी सोडून रांगेत उभं राहायचं तर घर कसं चालणार? म्हणून रांगेत निल्दा उभी राहायची, मोठी पत्र्याची डबडी घेऊन. त्या दिवसांत हमरस्त्यावरच्या पंपाचा नवा मालक, एव्हारिस्तो, हेलिओसाठी आठवड्यातून दोनदा दहा लिटर बाजूला ठेवायचा. भाव नेहमीचाच, वर एक पैसा नाही. तीन महिने त्यानं हे केलं. निल्दा ते कधी विसरली नाही.

थेंबाथेंबाचा हिशेब ती तेव्हा शिकली. पंपाचं नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, मीटर शून्यावर आणायचा, रिओ दास पेद्रासच्या रस्त्यानं जाऊन त्याच रस्त्यानं परत यायचं, त्याच पंपावर त्याच नोझलनं पुन्हा भरायचं, आणि भागाकार करायचा. टायरमधली हवा दर वेळी सारखी. आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक सोबत नको, कारण मग पाय जड पडतो. हेलिओ हसायचा. पण काच कुठं उघडी ठेवायची, कुठल्या चढावर गिअर आधी बदलायचा, हे तो तिलाच विचारायचा.

१९९४ साली साखरेच्या आजारानं हेलिओचे डोळे गेले. त्याचा परवाना निल्दाच्या नावावर झाला आणि ती बेचाळिसाव्या वर्षी थांब्यावर येऊन उभी राहिली. त्या थांब्यावरची पहिली बाई. लाएर्सिओ तेव्हा तिशीचा होता, थांब्यावरचा सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस. पहिलं पंक्चर होईपर्यंत ही टिकेल, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. पहिलं पंक्चर आठवड्याभरात झालं. निल्दानं चाक बदललं, हात पुसले, आणि लाएर्सिओच्या मागच्या टायरवर पाय आपटून म्हणाली, "तुझ्यात हवा कमी आहे. टायरात म्हणतेय मी." थांबा हसला. लाएर्सिओही हसला, जरा उशिरा.

दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा हेलिओ या जगात नव्हता. निल्दानं २००५ साली तशी गाडी घेतली. पेट्रोल घाला, अल्कोहोल घाला, दोन्ही मिसळून घाला, इंजिन आपलं आपण जुळवून घेतं. आता रोज सकाळी पंपावरच्या पाटीकडं बघून ठरवायचं की आज काय भरायचं. अल्कोहोल स्वस्त, पण त्यात दम कमी, त्यामुळं एका लिटरला गाडी कमी पळते. म्हणून सगळ्या देशात एक नियम तोंडपाठ झाला होता: अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर अल्कोहोल, नाहीतर पेट्रोल. पंपावर, केशकर्तनालयात, लग्नाच्या मांडवातसुद्धा लोक भागाकार करत बसायचे.

निल्दाला तो नियम पुरेसा वाटेना. सत्तर कुठून आले, कुणाच्या गाडीचे, कुठल्या रस्त्यावरचे? तिनं आपली गाडी दोन्हीवर तीन-तीनदा मोजली. पेट्रोलवर लिटरमागे अकरा किलोमीटर, अल्कोहोलवर आठ. म्हणजे तिच्या गाडीची रेघ सत्तरवर येत नव्हती, जवळजवळ त्र्याहत्तरवर येत होती. सत्तर आणि त्र्याहत्तरच्या मधल्या भावात बाकीचे पेट्रोल भरत, ती अल्कोहोल भरे, आणि महिनाअखेरीस तिच्याकडं नव्या टायरचे पैसे जमलेले असत. हे लक्षात आल्यावर थांब्यावरचे एकेक जण तिच्याकडं आले. तिनं प्रत्येकाच्या शेजारी बसून प्रत्येकाची गाडी रिओ दास पेद्रासच्या रस्त्यावर मोजली. कुणाची रेघ एकाहत्तरवर, कुणाची बाहत्तरवर. लाएर्सिओची सदुसष्टवर आली. तो म्हणाला, माझ्या गाडीत खोट आहे का? ती म्हणाली, गाडीत नाही, तुझ्या उजव्या पायात आहे. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्या मधेही काही जागा असते, तिथं पाय ठेवायला शीक. तेव्हापासून अल्कोहोलचा भाव हलला की सकाळी सगळ्या माना सात नंबरकडं वळत. ती ज्याच्या त्याच्या रेघेप्रमाणं बोटानं खूण करायची आणि बारा गाड्या त्याप्रमाणं भरल्या जायच्या.

तिच्या शब्दाला असं वजन आलं, आणि त्याच वजनाखाली एक माणूस चिरडला.

आंतेनोर हा हेलिओचा आतेभाऊ. नदीच्या बाजूला त्याचं गॅरेज. कमी बोलणारा, हातानं नीट. थांब्यावरच्या साऱ्या गाड्या त्याच्याकडंच जात. २०११ च्या फेब्रुवारीत, दरवर्षीप्रमाणं, सरकारी तपासणीच्या आधी त्यानं बाराही गाड्यांचे इंजेक्टर साफ केले, प्लग बदलले. त्या वर्षी गळीत हंगाम लवकर आटोपला होता आणि नवा सुरू व्हायला वेळ होता. मार्चमध्ये अल्कोहोल चढत चढत दोन रियाल वीसवर गेलं. पेट्रोल होतं दोन ऐंशी. भागाकार करायचीही गरज नव्हती. निल्दानं पेट्रोलची खूण केली आणि सगळे पेट्रोलवर गेले. भरायचं एव्हारिस्तोकडं, कारण त्याच्याकडं लिटरमागे दहा सेंतावो, म्हणजे रियालचा दहावा हिस्सा, कमी होते.

दोन आठवड्यांत कुरकुर सुरू झाली. गाड्या पेट्रोल पीत होत्या. आवाज ठीक, ओढ ठीक, धूर नाही, पण काटा भराभर खाली. लाएर्सिओ म्हणाला की आंतेनोरनं नवे म्हणून जुनेच प्लग बसवले आणि इंजेक्टर साफ न करताच पैसे घेतले. एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली. मग सगळे निल्दाकडं वळले. तिनं आपली गाडी मोजली. अकराच्या जागी नऊ पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. तेच.

"आकडा खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "आंतेनोरच्या हातून गेल्यापासून गाड्या बिघडल्यात, एवढं खरं."

एवढंच म्हणाली. पण ते सात नंबरवालीनं म्हटलं होतं. त्या आठवड्यात आंतेनोरकडं एकही टॅक्सी गेली नाही. मग बाजारातल्या भाजीवाल्यांच्या गाड्या थांबल्या, मग शेजाऱ्यांच्या. आंतेनोर एकदा थांब्यावर आला. पुसलेले हात पुन्हा पुन्हा पुसत उभा राहिला. त्यानं दोष कुणाला दिला नाही. फक्त विचारलं, "वहिनी, तुम्ही पण?"

तिनं आकडे सांगितले. तो ऐकून घेऊन गेला. तिला वाईट वाटलं, पण आकड्यापुढं नात्याला काय विचारायचं, असं तिनं स्वतःला समजावलं.

एप्रिलच्या सुरुवातीला एके दिवशी ती बाजारात उसाचा रस पीत उभी होती. शेजारी निवृत्त मास्तर आबिलिओ तळलेला पास्तेल खात होते. त्यांच्याकडं एक फुस्का गाडी होती, कासवाच्या पाठीसारख्या टपाची, चाळीस वर्षं जुनी, नुसत्या पेट्रोलवर चालणारी. मास्तर तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. तेल बदलण्यापासून कार्बोरेटर खोलण्यापर्यंत सगळं स्वतः. ते रसवाल्याला सांगत होते की म्हातारीला उचक्या लागल्यात. गावात फिरवली की ठेचकाळते, आणि गेल्या रविवारी लेकीकडं लिमेराला गेलो, तिथं टाकी भरली, तर येताना घोडीसारखी पळाली.

निल्दानं ग्लास खाली ठेवला आणि मास्तरांना विचारलं, गावात कुठं भरता?

"एव्हारिस्तोकडं. दहा सेंतावो कमी आहेत ना."

मास्तरांच्या फुस्काला आंतेनोरचा हात कधी लागला नव्हता. निल्दा तिथंच उभी राहिली, रस तसाच. तिनं हवा सारखी ठेवली होती, रस्ता सारखा, पाय सारखा, पंपसुद्धा सारखा. टाकीत जे पडत होतं ते चोखच आहे असं ती धरून चालली होती. कायद्यानं पेट्रोलमध्ये चौथा हिस्सा अल्कोहोल मिसळलेलंच असतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण चौथ्या हिश्शाऐवजी निम्मं मिसळलं तर? जुनी फुस्का ठेचकाळेल. नवी गाडी मात्र जुळवून घेईल आणि गुपचूप जास्त पिईल. जी गाडी काहीही पचवते, तिला काय पाजलं हे मालकाला कळत नाही.

तिनं टाकी रिकामी करत आणली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर भरलं आणि रस्त्याला लागली. अकरा. पुन्हा एव्हारिस्तोकडं भरलं. नऊ पूर्णांक आठ. पुन्हा दुसरीकडं. अकरा. इंजिन तेच, इंजेक्टर तेच, आंतेनोरनं बसवलेले प्लग तेच.

त्या दुपारी तिनं भाडं घेतलं नाही. गाडी नदीकाठी लावून ती बराच वेळ आत बसून राहिली. एव्हारिस्तो आठवत होता, तरुण, डबडं पुढं करणारा. ते दहा लिटर नसते तर त्या वर्षी चूल पेटली नसती. अशा माणसाच्या दारात जाऊन पंचनामा करायचा? गप्प बसावं, दुसरीकडं भरावं आणि थांब्याला हळूच सांगावं, असाही विचार आला. पण मग आंतेनोरचं काय? हळूच सांगितलेल्या गोष्टीनं त्याचं गॅरेज उघडणार नव्हतं. त्याला तिनं मोठ्यानं बुडवलं होतं.

ती आधी गॅरेजवर गेली. आंतेनोर एका पिकअपखाली आडवा होता. तिला त्याचे फक्त बूट दिसत होते. ती त्या बुटांशी बोलली. चूक माझी झाली, म्हणाली. मी तुझ्या हाताचं माप घेतलं, टाकीतल्या मालाचं घेतलं नाही.  मग खालून आवाज आला.

"मग आता मी काय करू म्हणता?"

"तू काही करू नकोस. थांब्यावर बोलले होते, थांब्यावरच परत घेईन. आणि पेट्रोल तपासायची रीत मला सांग."

तो बाहेर आला. तिच्याकडं न बघता त्यानं नळावर हात धुतले आणि समजावलं. काचेची उभी नळी, शंभर मिलीची. पन्नासपर्यंत पेट्रोल, वर पन्नास मिठाचं पाणी. दहा वेळा उलटीपालटी करायची आणि पंधरा मिनिटं थांबायचं. अल्कोहोलला पेट्रोलपेक्षा पाणी प्यारं, ते पाण्यात उतरतं आणि खालचं पाणी फुगतं. माल चोख असेल तर पाण्याची रेघ बासष्टच्या आसपास राहते. गिऱ्हाईकानं मागितली तर ही तपासणी पंपवाल्याला नाकारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती थांब्यावर उभी राहिली आणि जे झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. आंतेनोर निर्दोष आहे, मी त्याच्यावर अन्याय केला, तुम्ही माझ्या मागून केलात. लाएर्सिओ गाडी पुसत राहिला. मग ती म्हणाली, मी एव्हारिस्तोकडं चालले, यायचं त्यानं यावं. बारापैकी चार गाड्या मागं निघाल्या. लाएर्सिओची त्यात होती. भांडण बघायला आलोय, असं तो म्हणाला.

पंपावर जांदिरा होती, चाळिशीची, दोन लेकरांची आई, नऊ वर्षं तिथं नोझल धरणारी. निल्दानं तिच्याकडं तपासणी मागितली. जांदिरा आत जाऊन नळी घेऊन आली. तेवढ्यात एव्हारिस्तो बाहेर आला. केस पांढरे, पोट सुटलेलं. तपासणी फक्त सकाळी टँकर आला की होते, म्हणाला. निल्दानं भिंतीवरच्या सरकारी कागदाकडं बोट केलं. मग तो आवाज खाली आणून म्हणाला,

"निल्दा, हेलिओसाठी मी दहा दहा लिटर राखून ठेवत होतो. विसरलीस?"

"नाही विसरले, एव्हारिस्तोभाऊ. म्हणून तर इन्स्पेक्टर घेऊन नाही आले, स्वतः आले. ते दहा लिटर चोख होते."

जांदिरानं पेट्रोल ओतलं, मिठाचं पाणी ओतलं, नळी हळूहळू दहा वेळा उलटी केली आणि टेबलावर ठेवली. पंधरा मिनिटं जायची होती. मागं भरायला आलेल्या गाड्या रांगेत थांबल्या, माणसं उतरून जवळ आली. वर पिवळसर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी, आणि पाण्याची रेघ वर वर सरकत पासष्ट ओलांडून गेली, सत्तर ओलांडून गेली. शहात्तरवर येऊन थांबली. आंतेनोरनं सांगितलेल्या गणितानं पेट्रोलमध्ये अर्ध्याहून जास्त अल्कोहोल होतं.

एव्हारिस्तो म्हणाला, टँकरवाल्यानंच असं दिलं असणार, मला काय माहीत. निल्दा म्हणाली की तसं असेल तर टँकरवाल्याचं नाव कागदावर द्या, मला आनंद होईल. तो आत गेला आणि बाहेर आला नाही. जांदिरानं तपासणीचा कागद भरला, आकडा लिहिला, खाली आपली सही केली. मग कागद निल्दाच्या हातात दिला.

निल्दानं तो कागद इंधन खात्याकडं पाठवला. एकोणीस दिवसांनी माणसं आली आणि त्यांनी पंपाला सील ठोकलं. एव्हारिस्तोनं मुलाच्या कर्जापायी हे सुरू केलं होतं, असं नंतर कळलं. त्यानं पंप विकला आणि तो बहिणीकडं किनाऱ्यावरच्या गावी गेला. जाण्याआधी निल्दा त्याला भेटायला गेली होती. त्यानं दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही. दारातच उभं राहून तिनं त्या जुन्या दहा लिटरांबद्दल त्याचे आभार मानले, कारण हेलिओनं ते कधी मानले होते की नाही हे तिला आठवत नव्हतं. तो बरं म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

आंतेनोरचं गिऱ्हाईक परतलं, पण सगळं नाही. भाजीवाल्यांपैकी दोघे पुन्हा कधी आले नाहीत. एकदा गेलेलं नाव पुरतं परत मिळत नाही, हे निल्दाला कळलं, आणि ते तिनं आपल्या खात्यावर धरलं. दर महिन्याला ती आंतेनोरच्या गॅरेजपुढं गाडी उभी करून सगळ्या रस्त्याला दिसेल अशी बसायची. कधी नुसती काच पुसून घ्यायला. लाएर्सिओनं माफी मागितली नाही. त्यानं आपल्या बायकोची गाडी आंतेनोरकडं पाठवली आणि सांगितलेली रक्कम घासाघीस न करता दिली. त्याला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळला.

जांदिराची नोकरी पंपासोबत गेली. दुसऱ्या पंपांनी तिला दारातूनच परत पाठवलं. मालकाच्या विरुद्ध सही करणारी बाई कुणाला हवी असते? निल्दा तिच्या घरी गेली, बरोबर मक्याच्या उकडलेल्या पामोन्यांची पिशवी. गाडी चालवता येते का, एवढंच विचारलं. जांदिराला येत नव्हती. मग दर रविवारी उसाच्या फडांमधल्या कच्च्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. फड पेटवल्याची काजळी काचेवर पडायची, आणि निल्दा शेजारी बसून सांगायची, घाई कर, पण पायानं नको, डोळ्यानं कर. दीड वर्षात जांदिराला परवाना मिळाला. आधी ती सुट्टीच्या दिवशी सात नंबर चालवू लागली, मग अर्धा दिवस. २०१८ साली गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा निल्दानं थांब्यावरची जागा रीतसर तिच्या नावावर करून दिली. बाजारभावापेक्षा कमी घेतलं. निल्दाच्या लेकीनं विचारलं तर ती म्हणाली, बाजारभाव बाजाराला.

आता ती घरी असते. सकाळी अंगणातल्या खुर्चीत बसून कॉफी पिते. अल्कोहोलचा भाव हलला की थांब्यावरून फोन येतात. ती प्रत्येकाला एकच सांगते, तुमच्या गाड्या म्हाताऱ्या झाल्या, माझे आकडे शिळे झाले, पुन्हा मोजा. जांदिरा मात्र फोन करत नाही, येते. पहिल्यांदा एकटीनं मोजल्यावर ती थेट अंगणात आली होती, कपाळाला आठ्या, हातात कागद. अल्कोहोलवर गाडी सात पूर्णांक सहा देते, आठ यायला हवेत, माझंच काही चुकतंय का, म्हणाली.

निल्दानं कागद घेतला नाही. ती खुर्चीतून उठली, गाडीपर्यंत गेली, खाली वाकताना एकदा कण्हली आणि चारही टायरांवर हात फिरवला. हवा बरोबर होती. मग तिनं डिकी उघडली. आत जांदिराच्या धाकट्या लेकाच्या शाळेच्या बांधकामासाठी घेतलेल्या सिमेंटच्या दोन गोण्या होत्या.

"आठ देईल," दोना निल्दा म्हणाली. "आधी शाळेत जाऊन ये."